जुन्या गाडीच्या मीटरमधले दिवे

मोटारीच्या डॅशबोर्डातले बल्ब गाडीतल्या सर्वांत लहान आणि सर्वांत स्वस्त सुट्या भागांपैकी. स्पीडोमीटर, पेट्रोलचा काटा आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा रात्री दिसावा म्हणून दोन ते सहा बल्ब असतात. ऑइल, चार्जिंग, इंडिकेटर, हाय बीम, हँडब्रेक यांच्या इशाऱ्यांसाठी प्रत्येकी एक वेगळा असतो. याशिवाय हॅझर्ड, फॉग लॅम्प अशांच्या स्विचांमध्ये आणि हीटर किंवा एसीच्या पट्टीमागे गव्हाच्या दाण्याएवढे बल्ब बसवलेले असतात. हे सगळे तारेचे, म्हणजे फिलॅमेंटचे बल्ब असल्याने कधी ना कधी जाणारच. नव्या गाड्यांत त्यांची जागा सर्किटवरच डकवलेल्या एलईडीने घेतली आहे. जुन्या गाड्यांत मात्र बल्ब सुटा निघतो आणि सुटा बसतो, त्यामुळे हे काम घरच्या घरीही करता येते.

वऱ्हाडात अशा गाड्या अजून पुष्कळ आहेत. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबेसिडर त्याच वर्षीच्या मे महिन्यात बंद झाली. मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी विसावे शतक संपता संपता थांबली. एमएच-२७ म्हणजे अमरावती आणि एमएच-३० म्हणजे अकोला. या पाट्या लावलेल्या मारुत्या, महिंद्राच्या जीपा आणि एखाददुसरी जपून ठेवलेली पद्मिनी आजही शेतावर, लग्नकार्याला, बाजाराला जाताना दिसते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी गाडी तपासून घेऊन ती वाढवावी लागते. त्या तपासणीच्या तोंडावर हेडलाइट, हॉर्न, ब्रेक सगळे नीट केले जाते आणि मीटरचा अंधार तसाच राहतो, कारण तो बाहेरून कोणाला दिसत नाही. दिवसा गाडी चालवणाऱ्याला तर तो जाणवतही नाही.

रात्री मात्र त्याची किंमत कळते. अमरावती–अकोला हा राष्ट्रीय महामार्ग ५३ चा पट्टा जून २०२२ मध्ये देशभर गाजला. लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. असा रस्ता चाकांखाली आला की जुनी गाडीसुद्धा नकळत वेग घेते. गुळगुळीत डांबरावर, काळोखात, बाजूची झाडे दिसत नसताना ८० आणि १०० यांतला फरक शरीराला कळत नाही. तो फक्त काटा सांगतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना हीच गोष्ट तापमानाच्या काट्याची. जुन्या रेडिएटरची गाडी चढावर तापू लागली की आधी काटा सरकतो, वाफ नंतर येते. अंधारात काटा दिसला नाही तर पहिली सूचना वाफेचीच मिळते.

मीटरचे दिवे गेले की पहिली तपासणी गाडीच्या मागे जाऊन करायची असते, कारण बऱ्याच गाड्यांत मीटरचा उजेड आणि मागचे लाल दिवे एकाच फ्यूजवर चालतात. हेडलाइटच्या स्विचचा पहिला टप्पा फिरवला की पार्किंग, टेल लॅम्प, नंबर प्लेटचा दिवा आणि मीटर असे सगळे एकदम लागते. तो फ्यूज उडाला की मीटर काळे पडते आणि त्याच क्षणी गाडी मागून येणाऱ्याला दिसेनाशी होते. चालकाला समोर हेडलाइट लख्ख दिसत असल्याने याचा पत्ता लागत नाही. कापसाच्या हंगामात ओव्हरलोड ट्रॅक्टर आणि ट्रक ज्या रस्त्यावर रात्रभर धावतात, तिथे हा दोष फार महागात पडू शकतो. म्हणून मीटर अचानक पूर्ण अंधारले, तर बल्बाचा विचार करण्याआधी गाडी बाजूला घेऊन मागचे दिवे पाहावेत.

बाकीचे निदान सोपे आहे. एकच कोपरा काळा पडला असेल तर बहुधा तेवढा एक बल्ब गेलेला असतो. सगळे एकदम गेले तर फ्यूज, उजेड कमी-जास्त करणारी गोल चकती किंवा मीटरची अर्थिंग. ही चकती म्हणजे एक बदलता रोधक असतो. वर्षानुवर्षे एकाच जागी राहिल्याने त्याची तार गंजते. पुष्कळदा चकती दहा-वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली की उजेड परत येतो. सगळे दिवे लागतात पण मंद, असे असेल तर दोष अर्थिंगचा किंवा होल्डरच्या गंजाचा. तारेच्या बल्बाला विजेचा दाब (व्होल्टेज) दहा टक्के कमी मिळाला की त्याचा उजेड जवळजवळ एक-तृतीयांशाने घटतो. अर्थिंगच्या गंजलेल्या टोकावर सव्वा व्होल्ट वाया गेला तरी मीटर मिणमिणते दिसते ते यामुळे.

उलट दाब वाढला की बल्ब लवकर मरतो. चालू इंजिनावर बॅटरीच्या टोकांशी साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असावेत. रेग्युलेटर बिघडून हा आकडा १५ च्या वर गेला तर बल्बाचे आयुष्य निम्म्याहून खाली येते. दर दोन-तीन महिन्यांनी मीटरचा एखादा बल्ब उडत असेल, तर नवा बल्ब आणण्याआधी मल्टिमीटरने चार्जिंगचा दाब मोजून घ्यावा. तोच दाब बॅटरीतले पाणीही आटवत असतो.

बल्ब जाण्याची स्वाभाविक रीत वेगळी. आतली तार टंगस्टनची असते. हा धातू ३४०० अंशांच्या पुढे वितळतो, पण पांढरा तापला की हळूहळू उडून जात राहतो आणि गार काचेवर काळा थर धरतो. जुना बल्ब हातात घेऊन उजेडासमोर धरला तर काचेच्या आतून धुरकट, आरशासारखी चमक असलेला पट्टा दिसतो. तार झिजून जिथे सर्वांत बारीक झाली तिथेच ती तुटते, आणि तुटण्याचा क्षण बहुधा दिवा लावण्याचाच असतो. गार तारेचा रोध तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्शाएवढा असल्याने पहिल्या क्षणी कितीतरी पट करंट धावतो. याच कारणाने ३ वॉटच्या बल्बाचा रोध मल्टिमीटरवर ४-५ ओहम दाखवतो, हिशेबाने तो ४८ ओहम यायला हवा. पाहणाऱ्याला बल्ब शॉर्ट आहे असे वाटते. प्रत्यक्षात तो चांगला असतो. काच अजिबात काळी नसताना तार तुटली असेल, तर कारण धक्का किंवा जास्त दाब.

वऱ्हाडच्या हवेचीही यात भर आहे. अकोला आणि अमरावती मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातात. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास तापतो. तारेला या उष्णतेचे काही नाही, पण तिच्याभोवतीच्या प्लॅस्टिकला आहे. होल्डर कडक होऊन तडकतात, पट्ट्या अडकवण्याची टोके हात लागताच तुटतात, बल्बावरची हिरवी रबरी टोपी भाजून तिचे तुकडे पडतात. पावसाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ ओल धरून होल्डरच्या पितळी पत्र्यावर बसते आणि हिरवा गंज चढतो. गाडी गोठ्याजवळ किंवा धान्याच्या खोलीशेजारी उभी राहत असेल तर उंदीर वायरीचे आवरण कुरतडतात. मीटर उघडल्यावर बल्बाइतकेच याकडे लक्ष द्यावे.

दुकानात जाताना जुना बल्ब सोबत न्यावा हे खरे, पण त्याची जात ठाऊक असलेली बरी. जपानी वळणाच्या गाड्यांत, म्हणजे मारुतीत, काचेच्याच चपट्या बुडाचा बल्ब असतो. त्याला धातूची टोपी नसते, दोन तारा काचेवर दुमडलेल्या असतात. दुकानदार त्याला कॅपलेस म्हणतात. त्यात टी-१० म्हणजे साधारण १० मिलिमीटर जाडीचा आणि टी-५ म्हणजे ५ मिलिमीटरचा. मोठा मीटरमध्ये, बारका इशाऱ्यांत आणि स्विचांत. मॉरिस ऑक्सफर्डवरून उतरलेल्या जुन्या अँबेसिडरमध्ये टॉर्चच्या बल्बासारखा आट्यांचा बल्ब येतो. तो ई-१०, यातला ई एडिसनचा आणि १० हा आट्यांचा व्यास. लुकासच्या यादीत त्याचा क्रमांक ९८७, शक्ती २.२ वॉट. जुन्या जीपांत दोन बारीक पिनांचा, दाबून फिरवायचा ९ मिलिमीटर बुडाचा बल्बही आढळतो. गाडी अनेक हातांतून गेली असेल तर एकाच मीटरमध्ये तीन जातींचे होल्डर निघणे अशक्य नाही.

जातीपेक्षा जास्त चूक वॉटमध्ये होते. टी-१० च्या एकाच आकारात ३ वॉटचाही बल्ब मिळतो आणि पार्किंगचा ५ वॉटचाही. होल्डरात दोन्ही सारखेच बसतात. मीटर जरा जास्त उजळावे म्हणून पाचाचा घातला जातो आणि पहिल्या रात्री ते छान दिसतेही. सहा बल्ब असतील तर १८ वॉटच्या जागी ३० वॉटची उष्णता बंद डब्यात कोंडली जाते. काही महिन्यांत मीटरची पांढरी आतली भिंत तपकिरी होते, होल्डर मऊ पडून वाकडा होतो आणि मागच्या लवचीक सर्किटच्या पट्टीवर फोड येतात. बल्ब काही रुपयांचा असतो. जुन्या मारुतीच्या मीटरमागची ती पट्टी मात्र आता शोधावी लागते. जेवढ्या वॉटचा निघाला तेवढ्याच वॉटचा बसवावा. काढलेल्या बल्बावर आकडा वाचता येत नसेल तर शेजारच्या होल्डरातला बघावा.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवायचे. मीटरमागे घड्याळाची, हॉर्नची, कधी बाहेरून बसवलेल्या टेपची वायर चावी बंद असतानाही जिवंत असते, आणि पेचकस निसटून तिला टेकला की फ्यूज जातो किंवा वायर जळते. मग सीटवर आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर जाड कापड अंथरावे.

मारुती ८०० सारख्या गाडीत मीटरच्या वरची काळी झाकण-पट्टी काही स्क्रूंवर असते. ती निघाली की मीटरचे स्क्रू दिसतात. ते काढून मीटर हलकेच पुढे ओढायचे, पण थोड्याच अंतरावर ते अडते, कारण मागे स्पीडोमीटरची केबल जोडलेली असते. इथे जोर लावला की केबलचे टोक किंवा मीटरचे तोंड तुटते. एका हाताने मीटर तिरके धरून दुसरा हात मागे घालावा आणि केबलच्या गळ्यावरची प्लॅस्टिकची जीभ दाबून ती सोडवावी. हात पुरत नसेल तर बोनेटच्या बाजूने केबल थोडी आत ढकलली की सैल मिळते. ही केबल गिअरबॉक्सपासून येते आणि मीटरमधले चुंबक फिरवते. त्या फिरण्याने ॲल्युमिनियमच्या वाटीत भोवरे-प्रवाह निर्माण होतात आणि काटा हलतो. यात बॅटरीचा संबंध नसल्याने बल्बांच्या कामात वेगाच्या काट्याचे काही बिघडत नाही. पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा मात्र विजेवर चालतो.

वायरींचे सॉकेट काढण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा. मीटर टेबलावर पालथे घातले की पाठीवर निळसर किंवा तपकिरी, तांब्याच्या रेघांची पातळ पट्टी दिसते आणि तिच्यात गोल प्लॅस्टिकचे होल्डर बसलेले असतात. होल्डर पाव फेरी डावीकडे फिरवला की निघतो आणि बल्ब सरळ ओढून काढायचा. काच हॅलोजनची नसल्याने बोट लागले तरी चालते, पुसून बसवणे पुरे. अडकून बसलेल्या बल्बाला पक्कड लावू नये, काच फुटते. काचपुशीच्या पाण्याच्या रबरी नळीचा बोटभर तुकडा बल्बावर घट्ट चढवून ओढला तर तो सुखरूप येतो. हीच नळी पुढे स्विचांमध्ये उपयोगी पडते.

अँबेसिडर आणि जुन्या जीपांत मीटर बाहेर काढण्याची गरज क्वचितच पडते. पत्र्याच्या डॅशबोर्डखालून हात वर घातला की होल्डर बोटाला लागतो. तो नुसता दाबून बसवलेला असतो आणि अर्थिंग मीटरच्या पत्र्यातून घेतो. त्यामुळे गंजलेला पत्रा हाच तिथला नेहमीचा दोष असतो.

एक गेला म्हणून एकच बदलणे ही यातली सर्वांत चुकीची काटकसर आहे. सगळे बल्ब एकाच दिवशी कारखान्यात बसले, एकाच वेळी लागले आणि विझले, त्यामुळे एकामागोमाग एक जाणारच. मीटर एकदा उघडले की काच काळवंडलेला प्रत्येक बल्ब बदलावा. होल्डरचे पितळी पत्रे बारीक एमरी पेपरने घासावेत आणि सैल झाले असतील तर किंचित वर उचलावेत. सर्किटच्या पट्टीला मात्र एमरी लावू नये. तिच्यावरचे तांबे कागदाहून पातळ असते. तिथे पेन्सिलचे खोडरबर फिरवून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की पुरते. पेट्रोलने पुसू नये, त्याने पट्टीचा चिकटवा सुटतो आणि मीटरच्या पुढच्या पारदर्शक प्लॅस्टिकवर दूध सांडल्यासारखे डाग पडतात.

आता एलईडीचा प्रश्न. टी-१० च्या मापाचे एलईडी बाजारात सर्वत्र मिळतात, अर्ध्या वॉटवर चालतात, तापत नाहीत आणि धक्क्याने जात नाहीत. नुसत्या उजेडासाठी ते वापरायला हरकत नाही, पण अटी आहेत. एलईडीला अधिक-उणे लागते, तो पेटला नाही तर होल्डरात अर्धा फेरा फिरवून उलटा बसवावा. त्याचा प्रकाश एका दिशेला जातो, त्यामुळे मधोमध झगमगाट आणि कडेला अंधार असे होते. चकतीने तो नीट मंद होत नाही, आणि ही अडचण सर्वांत मोठी आहे. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात. मेळघाटात सेमाडोह-हरिसालकडच्या रस्त्यावर, जिथे रस्त्यात सांबर किंवा रानगवा उभा राहू शकतो, तिथे नाकासमोर पांढरा-निळा झोत असला की सरावलेले डोळे वाया जातात. कारखान्यातून हिरवट, मंद उजेड दिला जात असे तो याच विचाराने.

इशाऱ्यांच्या जागी एलईडी अजिबात घालू नये असेच म्हणावे लागेल. पहिले कारण रंगाचे. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लक्ष द्या, हिरवा म्हणजे चालू आहे आणि निळा म्हणजे हाय बीम, हे संकेत जगभर सारखे आहेत. निळसर एलईडीचा प्रकाश लाल पडद्यामागून फिका, गुलाबी येतो आणि ऑइलचा इशारा दिवसा उजेडात दिसतही नाही. दुसरे, ज्या गाड्यांत डाव्या-उजव्या वळणासाठी मीटरमध्ये एकच हिरवा दिवा असतो, तिथे तो दोन्ही बाजूंच्या वायरींच्या मध्ये जोडलेला असतो आणि करंट कधी इकडून तर कधी तिकडून जातो. एलईडी तिथे एकाच बाजूला चमकतो.

तिसरे कारण चार्जिंगच्या लाल दिव्याचे, आणि त्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. अल्टरनेटर असलेल्या अनेक गाड्यांत हा दिवा नुसता निरोप्या नसतो. चावी फिरवल्यावर बॅटरीचा करंट या बल्बातून अल्टरनेटरच्या फिरत्या कॉइलमध्ये जातो आणि तिला सुरुवातीचे चुंबकत्व देतो. २.२ वॉटच्या बल्बातून साधारण ०.१८ अँपिअर जातो. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर स्वतः वीज देऊ लागला की बल्बाच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि दिवा विझतो. हा बल्बच उडाला असेल तर अल्टरनेटर जागा होत नाही, किंवा जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावरच होतो. बॅटरी रोज थोडी थोडी उतरते. मग बॅटरी बदलली जाते, अल्टरनेटर उघडला जातो, कार्बन ब्रश नवे पडतात, आणि दोष मीटरमधल्या एका बल्बाचा असतो. एलईडी घातला तर तोच प्रकार, कारण त्यातून जेमतेम ०.०४ अँपिअर जातो. काही कंपन्यांनी बल्बाच्या जोडीला रोधक बसवून ही अडचण टाळली आहे. जुन्या डायनमोच्या गाड्यांत प्रश्नच येत नाही, कारण डायनमो आपल्या उरलेल्या चुंबकत्वावर सुरू होतो. तरीही चार्जिंगच्या दिव्यासाठी ठरलेल्या वॉटचा तारेचा बल्ब हाच भरवशाचा उपाय.

इशाऱ्यांचे बल्ब तपासण्याची सोय गाडीतच आहे. इंजिन सुरू न करता चावी पुढच्या टप्प्यावर आणली की ऑइल आणि चार्जिंग, आणि हँडब्रेक ओढलेला असेल तर तोही, लाल दिसायला हवेत. डिझेलच्या गाडीत हीटर प्लगचा पिवळा वेटोळ्याचा दिवाही. यातला एखादा लागत नसेल तर ते ‘सगळे ठीक आहे’ असे नसून सांगणारा मुका झाल्याचे लक्षण असते. ऑइलचा दाब गेल्यावर काही मिनिटांत बेअरिंगे बसतात, आणि तो दिवा आधीच गेलेला असेल तर चालकाला कळते ते इंजिनाच्या आवाजावरूनच.

स्विचांचे बल्ब हे नाजूक काम. खटक्याचा स्विच डॅशबोर्डात दोन बाजूंच्या प्लॅस्टिक स्प्रिंगांवर बसतो. पेचकसाने उचकटला तर कडेला कायमचा ओरखडा पडतो, त्याऐवजी आइस्क्रीमची लाकडी काडी चालते. मे महिन्याच्या दुपारी हे काम करू नये, तापलेले प्लॅस्टिक वाकते, आणि कडाक्याच्या थंडीत सकाळी तर ते तुटते. स्विच बाहेर आला की मागच्या बाजूला लहान रंगीत होल्डर दिसतो, तो बारीक पेचकसाने पाव फेरी फिरवायचा. काही स्विचांत बल्ब समोरून, खटक्याचे झाकण काढल्यावर निघतो आणि तिथे रबरी नळीशिवाय दुसरे काही आत जात नाही. गव्हाएवढ्या बल्बाला सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब नेमकी बसते. बल्बावर रंगीत टोपी असेल तर ती जपून नव्यावर चढवावी. काही स्विचांत बल्बाच्या तारा थेट झाळलेल्या असतात. तिथे झाळणी हाताळता येणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे स्विच सुटा नेऊन द्यावा, गाडी नेण्याची गरज नाही. हीटर आणि एसीच्या पट्टीसाठी आधी गोल नॉब सरळ ओढून काढायचे, मग पुढची पाटी, आणि तिच्यामागे एक-दोन बल्ब असतात. तिथे ठरल्यापेक्षा जास्त वॉट घातले तर पाटीवरची अक्षरे भाजून पुसली जातात.

बसवताना क्रम उलटा. सॉकेट लावून, मीटर अजून हातात असतानाच बॅटरी जोडावी आणि पार्किंग, इंडिकेटर दोन्ही बाजू, हाय बीम आणि चावीवरचे लाल दिवे एकेक करून पाहावेत. एखादा लागला नाही तर होल्डर पाव फेरी मागे-पुढे करावा, बहुतेक वेळा पत्रा टेकलेला नसतो. मग बॅटरी पुन्हा सोडून स्पीडोमीटरची केबल तिच्या जागी दाबावी. जीभ बसल्याचा ‘टक’ आवाज यायला हवा, तो न आल्यास केबल शंभर मीटरवर निसटते आणि मीटर पुन्हा उघडावे लागते. केबलला तीव्र वळण राहू देऊ नये, काटा थरथरतो. स्क्रू शेवटपर्यंत आवळू नयेत, जुने प्लॅस्टिक फाटते. अखेरीस बॅटरी जोडून गाडी रस्त्यावर घ्यावी, वेगाचा काटा हलतो का आणि घड्याळ लावले आहे का ते पाहावे, आणि काळोख पडल्यावर एकदा चकती फिरवून डोळ्यांना सोसेल एवढाच उजेड ठेवावा.